कोलोनिकसोबत कॉफी, गव्हांकुर आत सोडून घ्यावं का? आईसाठी विचारतेय

नेरुळची लेक
आई 66 वर्षांची, नौपाड्यात राहते. बीपीच्या गोळीसोबत रोज लघवीची गोळी असते. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून जूनपासून लोहाची गोळी सुरू झाली आणि तेव्हापासून चार-चार दिवस पोट साफ होत नाही. समोरच्या काकूंनी वाशीतलं कोलोनिकचं, म्हणजे गुदद्वारातून नळीने पाणी सोडून मोठं आतडं धुण्याचं, एक सेंटर सुचवलं, म्हणून शनिवारी तिला घेऊन गेले. नुसत्या पाण्याच्या सेशनचे 2800. मग काउंटरवरच्या मुलीने लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे केलं : लिव्हरसाठी कॉफी, रक्तवाढीसाठी गव्हांकुराचा रस, शिवाय कोरफड, प्रोबायोटिक, बी-12. प्रत्येकाचे वेगळे 900. सेशनच्या शेवटी नळीने आत सोडतात आणि 10-15 मिनिटं धरून ठेवायला सांगतात.

आईला कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे कुणीही विचारलं नाही. तेच मला खटकतंय. आईचा मात्र कॉफी आणि गव्हांकुरावर पूर्ण विश्वास बसलाय, 500 रुपये आगाऊ भरूनही आली. मंगळवारची वेळ आहे. जाणकारांनी प्लीज सांगा.

एंडोस्कोपीतली सिस्टर
ताई, मंगळवार रद्द करा.

मी ठाण्यात एंडोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने पोट-आतडं तपासतात तिथे, 14 वर्षं आहे. कॉफीचा एनिमा घेतल्यावर रक्त पडतंय म्हणून आलेले एक काका माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. स्क्रीनवर गुदाशयाचं अस्तर लालभडक, सुजलेलं, स्कोप टेकला तरी रक्त. काका पुन्हा पुन्हा सांगत होते, कॉफी कोमटच होती. अहो, गुदद्वाराच्या तोंडाशी चटका कळतो, त्याच्या वर आत नाही कळत. भाजलंय हे कळतं ते रक्त दिसल्यावरच.

कॉफीची ही पद्धत माक्स गेरसन या जर्मन डॉक्टरांच्या कॅन्सरवरच्या उपचारातून पसरली. वारंवार कॉफीचे एनिमा घेणाऱ्या दोघांचे मृत्यू अमेरिकेत 1980 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. शरीरातले क्षार बिघडले होते. तुमच्या आईला लघवीची गोळी आहे. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी पोटॅशियम हा क्षार आधीच खाली येतो.

आता रक्तवाढीचं. लोह शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीला, बी-12 त्याच्या शेवटच्या टोकाला. खालून सोडलेला रस मोठ्या आतड्यातच राहतो, मग रक्त वाढणार कुठून?

आणि खरी काळजी मला वेगळीच वाटतेय. 66 व्या वर्षी हिमोग्लोबिन का उतरलं, हे कुणी पाहिलं का? लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ होतो हे खरं, पण या वयात लोह कमी आणि पोटाची सवयही बदललेली, म्हणजे आतड्यातून थोडं थोडं रक्त जात नाही ना, हे आधी बघायला हवं. उद्याच फिजिशियनकडे न्या.

कोपरीकर
सिस्टर बरोबर सांगताहेत. मी स्वतः निसर्गोपचार मानणारा. गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केलेल्या उरुळीकांचनच्या आश्रमात राहून आलोय. तिथे मला एनिमा मिळाला तो साध्या कोमट पाण्याचा, तोही डॉक्टरांनी तपासल्यावर. आयुर्वेदातली बस्ती, म्हणजे औषधी एनिमा, तीसुद्धा वैद्य प्रकृती बघून ठरवतात, त्यातल्या मात्राबस्तीत तेल असतं जेमतेम 60-70 मिली. कार्डावरून निवडायची ती वस्तू नव्हे, बाळा.

नेरुळची लेक
सिस्टर, काका, मनापासून आभार. काल डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सोडियम-पोटॅशियम आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला दिलंय आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायला सांगितलीय. आई घाबरलीय, रात्रभर झोपली नाही. सेंटरने 500 परत दिले नाहीत.

एंडोस्कोपीतली सिस्टर
जाऊ देत ते 500. लोहाची गोळी बंद करायला सांगितलीय ना? तिने मळ काळा होऊन अस्तराला चिकटतो, आतलं नीट दिसत नाही. आमच्याकडे आठवडाभर आधी थांबवतात. आणि तपासणीआधी आतडं साफ करायला देतात त्या जुलाबाच्या औषधाच्या दिवशी लघवीच्या गोळीचं काय करायचं, ते विचारून घ्या.

नेरुळची लेक
लोहाची आजपासून बंद केली, म्हणून तर तारीख पुढच्या गुरुवारची दिलीय. लघवीच्या गोळीचं राहिलं विचारायचं, आत्ताच फोन करते.