सिगार मुरवली की चव सुधारते, की ती नुसतीच जुनी होते?

करडीराख
परवा एका धाग्यावर जुनाजाणता यांनी ठणकावून सांगितलं, की सिगार जुन्या तांदळासारखी असते, वर्षं जातील तशी चव चढते, आणि पेटी आणल्या आणल्या ओढणारा पैसे जाळतो. खाली रांगेने +१. तिथे उत्तर फार लांबलं असतं म्हणून हा वेगळा धागा.

आधी तांदळाचं बघू. जुना तांदूळ मोकळा शिजतो हे खरं, पण वास जातो. वासासाठी आंबेमोहर खाणारा नवाच शोधतो. उदाहरण तुमचं, साक्ष माझ्या बाजूने.

आता सिगार. तंबाखूचा पाला मुरतो तो सिगार वळण्याआधी. क्युबातल्या व्हुएल्टा आबाहो भागातला पाला खुडला की कोठारात साधारण पन्नास दिवस टांगून सुकवतात, मग ओलसर करून गंजी लावतात. गंजी आतून तापते. फार तापली की मोडायची, वरचा पाला खाली, खालचा वर. इथे प्रथिनं मोडतात, अमोनिया उडतो, कडवटपणा उतरतो. झाडाच्या वरच्या जाड पानाला, म्हणजे लिजेरोला, जास्त वेळ, खालच्या पातळ वोलाडोला कमी. शिरा काढून पुन्हा गंजी, मग गासड्या बांधून गोदामात. कोहिबा या महागड्या क्युबन ब्रँडच्या सेको (मधलं पान) आणि लिजेरोला वर पिंपात तिसरं आंबवणं. हाबानोस या क्युबन सिगार कंपनीच्या रेझेर्वा मालिकेला पाला किमान ३ वर्षांचा, ग्रान रेझेर्वाला किमान ५ वर्षांचा, आणि ही वर्षं पाल्याची आहेत, पेटीची नाहीत. निकाराग्वाच्या पाड्रोनची १९२६ मालिका घ्या, तिथेही पाच वर्षं पालाच मुरतो.

एवढं झाल्यावर तुमच्या कपाटात काय उरतं? वळताना पाला लवचीक राहावा म्हणून ओलवलेला असतो. ते पाणी निघायचं असतं. त्या ओलाव्याने पेटीत पुन्हा थोडं आंबतं, तो अमोनिया जायचा असतो. क्युबन पेटीला याला सहा महिने ते दोन वर्षं पुरतात. त्यापुढे सुगंधी तेलं उडतात, मिरी, कॉफी, चामडं सगळं सपाट होतं आणि त्या सपाटीला 'मुलायम' म्हणायची पद्धत पडली आहे.

जुनाजाणता
नाव घेऊन धागा काढलात, आभार. पाल्याचं सगळं बरोबर, निष्कर्ष चुकीचा. पाला स्वतंत्र मुरतो आणि चार प्रकारचे पाले एका रॅपरखाली, म्हणजे बाहेरच्या पानाखाली, एकत्र मुरतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वोलाडो, सेको, लिजेरो आणि त्यांना बांधणारं पान बाइंडर यांचे ओलावे आणि तेलं एकमेकांत सरमिसळ व्हायला बंद पेटीच लागते. गासडीत एकाच जातीचा पाला असतो, तिथे हे होतच नाही.

आणि हाबानोसचा दाखला देता तर पुरता द्या. 'अन्येहादोस' विसरलात? रोमियो ई हुलिएताचा पिरामिदेस आणि माँतेक्रिस्तोचा चर्चिल्स, वळून झाल्यावर क्युबातच पाच ते आठ वर्षं पेटीत ठेवून मग बाजारात आणले. कंपनीला पेटीतल्या वर्षांची किंमत कळते, तुम्हाला कळत नाही.

अर्थात सगळ्या सिगार सारख्या नाहीत. ओयो दे माँतेरेयसारखी हलकी दोन-तीन वर्षांत संपवावी. पार्तागासची लुसितानियास किंवा बोलिवारची जाडजूड सिगार पाच वर्षांनी कुठे बोलायला लागते. ती सहा महिन्यांत ओढून 'तिखट आहे' म्हणणाऱ्यांशी काय बोलायचं?

करडीराख
कंपनी विकते म्हणून सिद्ध झालं? तीच कंपनी २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदादचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला घेऊन गेली. मग तेव्हा चवही तेवढीच वाढली म्हणायची का?

टोरपेदो
भावाचा विषय निघालाच आहे तर, त्या भावामुळेच काचेच्या झाकणाची 'कोहिबा' खपते. लिहून घ्या सगळ्यांनी: कोहिबा काचेच्या झाकणाच्या पेटीत कधीच येत नाही. नकली माल दहा वर्षं मुरवा, दहा वर्षांचा नकली माल मिळेल. बॅंडवरच्या (सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरच्या) पांढऱ्या चौकोनांच्या ओळी बघा, वरच्या कडेला चौकोन अर्धवट कापलेले दिसले की

पानतपासणीस
टोरपेदो, नकली मालाचा वेगळा धागा काढा, हात जोडतो.

मुद्दा असा, की दोघांकडेही तुलना नाही. 'नव्वदच्या दशकातली पेटी आजच्यापेक्षा सरस' यात वय किती आणि बियाणं किती, हे कसं वेगळं काढणार? जुनं कोरोहो बियाणं निळ्या बुरशीला बळी पडायचं म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हाबाना २०००, मग क्रियोयो ९८ आणि कोरोहो ९९ आलं. हाबाना २००० चा रॅपर जळायलाच नाठाळ. त्याच सुमारास उत्पादन वाढवायच्या घाईत १९९९ ते २००१ च्या पेट्यांत ठासून भरलेल्या सिगार निघाल्या. ड्रॉ, म्हणजे धूर किती सहज ओढला जातो ते, तपासायची यंत्रं कारखान्यांत त्यानंतर आली. ठासलेली सिगार वीस वर्षं ठेवली तरी ठासलेलीच राहते. ६२ टक्के आर्द्रतेवर उतरवली तर पाला आकसून थोडी मोकळी होते, एवढंच.

खरी परीक्षा एकच. एकाच कोडची २५ ची पेटी घ्या. २००० पासून पेटीच्या तळाला तीन अक्षरी कारखान्याचा कोड आणि खाली महिना-वर्ष छापलेलं असतं. १२ सिगार हवाबंद करून उणे १८ अंशांवर, तिथे मुरणं जवळपास थांबतं. १२ सिगार १८ अंश आणि ६५ टक्क्यांवर. पाच वर्षांनी फ्रीजरवाल्या दोन महिने दुसऱ्यांशेजारी ठेवून ओलावा सारखा करायचा, बॅंड काढायचे, तिसऱ्याने नंबर द्यायचे. तोवर दोघांचीही नुसती श्रद्धा.

दमटमुंबई
१८ अंश! मालक, हे १८ अंश दादर-ठाण्यात कुठे मिळतात? इथे घरात ३० असतं, मे महिन्यात ३३. पुस्तकी '७० अंश फॅरनहाइट, ७० टक्के' हा युरोपातल्या तळघराचा हिशोब. २१ अंशांना ७० टक्के म्हणजे हवेच्या घनमीटरमागे सुमारे १३ ग्रॅम पाणी. ३० अंशांना ७० टक्के म्हणजे २१ ग्रॅम! दीडपटीहून जास्त पाणी पाल्यात शिरणार. म्हणून मुंबईत ५५ टक्केच ठेवायचे. मुरवण्याची चर्चा त्यानंतर.

पानतपासणीस
हा गैरसमज ह्युमिडॉरच्या, म्हणजे सिगार ठेवायच्या खोक्याच्या, प्रत्येक धाग्यावर उगवतो. पाला हवेतले ग्रॅम मोजत नाही, सापेक्ष आर्द्रता बघतो. हिशोबच हवा तर घ्या: ६० लिटरच्या खोक्यात ३० अंशांना ७० टक्क्यांवर हवेत पाणी किती? सव्वा ग्रॅम. त्यात १०० सिगार, प्रत्येकी १२ ग्रॅम, ओलावा १३ टक्के धरला तर पाल्यात १५० ग्रॅमच्या वर पाणी. सव्वा ग्रॅम दीडशे ग्रॅमला काय भिजवणार? उलट त्याच टक्क्यांवर तापमान चढलं की पाला किंचित कमीच ओलावा धरतो. ५५ वर वर्षभर ठेवलीत तर तेलं उडतील, रॅपर कात्री लागताच तडकेल आणि सिगार गरम, कडू जळेल. मग 'मुरवून बिघडली' म्हणून पुन्हा इथेच याल.

दमटमुंबई
एवढं विज्ञान झाडताय तर ३० अंशांना ७० टक्क्यांवर पेटी ठेवून दाखवा. पावसाळ्यात पायाकडून (पेटवायच्या टोकाकडून) पांढरी लव येते की नाही ते बघू.

पानतपासणीस
येईल. कारण बुरशी आणि भुंगेरा, ग्रॅम नव्हे. म्हणून उन्हाळ्या-पावसाळ्यात ६२ ते ६५. ७० वर नको हे तुमचं बरोबर, कारण चूक, आकडा त्याहून चूक.

दमटमुंबई
म्हणजे बरोबर. थँक्यू.

जुनाजाणता
ती पांढरी लव प्रत्येक वेळी बुरशी नसते. उत्तम मुरलेल्या सिगारवर तेलाचे स्फटिक येतात, जाणकार त्याला 'प्लूम' म्हणतात.

करडीराख
आलं! विक्रेत्यांनी बुरशी खपवायला काढलेलं गोंडस नाव. दहापट भिंग लावा. धागे, लव, गोल ठिपके, पायाशी किंवा बॅंडखाली जास्त, म्हणजे बुरशीच. ज्यांनी कुणी 'प्लूम' सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला त्यांना बहुतेक वेळा तीच दिसली. रॅपरवरची मऊ ब्रशने पुसा, बाजूच्या सिगार वेगळ्या करा. कापलेल्या टोकातून आत शिरली असेल तर फेका, तिथे काटकसर नको.

वऱ्हाडीविस्तव
मुंबईवाल्यांचं रडगाणं ऐकून झालं असेल तर नागपूरचंही ऐका. मे महिन्यात इथे दुपारची आर्द्रता २० टक्क्यांखाली. लाकडी ह्युमिडॉर बाहेरून सुकतो, झाकण वाकतं, आर्द्रता राखणारी बोवेडाची पुडी पंधरा दिवसांत पापडासारखी कडक. तीच पुडी मुंबईच्या जुलैत पाणी ओढून ढेरपोटी होते. दोन्हीकडे उपाय एकच: रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिक डबा, आत सिगारच्या पेटीतल्या सीडरच्या पट्ट्या, दर २५ सिगारींमागे ६० ग्रॅमची एक पुडी, ६२ किंवा ६५ ची. नवीन लाकडी खोका असेल तर आधी ८४ ची पुडी टाकून दोन आठवडे बंद. ओल्या फडक्याने पुसू नका, आतला थर फुगतो.

आणि सुताराकडून देवदाराची पेटी करून घेणाऱ्यांनो, देवदाराच्या तेलाचा वास पाल्यात बसला की जात नाही. स्पॅनिश सीडर मिळत नसेल तर त्याच कुळातला तून चालतो, पूर्ण सुकवलेला आणि विनापॉलिशचा.

हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) आधी तपासा: बाटलीच्या टोपणात मीठ, चार थेंब पाणी, चिखलाइतपत ओलं. दोन्ही झिपलॉकमध्ये २४ तास. ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवलं तर चार मिळवून वाचा. अर्धे 'मुरवून बिघडली'वाले हायग्रोमीटरने फसलेले असतात.

नाकतोडा
हवाबंद डब्यात अमोनिया जाणार कुठे?

वऱ्हाडीविस्तव
ताजी पेटी असेल तर पहिले तीन-चार महिने आठवड्यातून एकदा झाकण दोन मिनिटं उघडा. न पेटवता एक ओढ घ्या, पायाकडून वास घ्या. नाकात झोंबलं, गोठ्यासारखा वास आला तर अजून वेळ आहे. गोडसर गवताचा वास आला की झाकण बंद, दोन महिन्यांतून एकदा पुरे. सेलोफेन काढायची गरज नाही, त्यातून हवा आरपार जाते, मुरणं थोडं सावकाश होतं इतकंच.

जुनाजाणता
सेलोफेनमध्ये मुरवणं ही थट्टा आहे. मुरवायचं तर फितीने बांधलेली ५० ची लाकडी पेटी, तीही न उघडता. दर आठवड्याला झाकण उघडणाऱ्याने वर्षांच्या गप्पा मारू नयेत.

टोरपेदो
आणि वाइन कूलर? पेल्टिएवाला (विजेच्या चकतीने गार करणारा) की कॉम्प्रेसरवाला?

दमटमुंबई
पेल्टिए खोलीपेक्षा दहा-बारा अंशच खाली जातो. खोली ३३ असेल तर आत २१-२२, चालतं. कॉम्प्रेसरवाला १६ पर्यंत सहज जातो, पण प्रत्येक फेरीत गार पत्रा पाणी ओढतो, आतली आर्द्रता पन्नाशीला येते आणि मशीन थांबलं की उसळते. म्हणून सिगार उघड्या फळीवर नकोत, हवाबंद डब्यात घालून मग कूलरमध्ये. तळाचं पाणी जायचं भोक बुजवा, नाहीतर पावसाळी हवा तिथूनच आत येते. आणि एक जुलैपुरतं: ओढण्याआधी सिगार दोन दिवस उघडी ठेवून सुकवायचा सल्ला मुंबईत पाळू नका, बाहेर ८५ टक्के असतं, भिजेल.

करडीराख
माझ्या प्रश्नाचं गाठोडं करून सगळे फ्रिजकडे गेले. असो.

नाकतोडा
फ्रिजवरूनच. एका पेटीत दोन सिगारींना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि तळाला तपकिरी भुगा. बाकीच्या २३ फेकायच्या का?

पानतपासणीस
फेकू नका. हा तंबाखूचा भुंगेरा, दोन-तीन मिलिमीटरचा, लालसर तपकिरी. सांगलीच्या गोदामांत हळकुंडं पोखरणारा हाच. मिरची, धने, काहीही खातो, म्हणून ह्युमिडॉर मसाल्याच्या कपाटाजवळ नको. क्युबातून माल गोठवून निघतो, पण वाटेत गोदामात लागण होऊ शकते. १८ अंशांखाली त्याची वाढ जवळपास थांबते, ३० अंशांना महिना-दीड महिन्यात पुढची पिढी. मुंबईत पाच वर्षं मुरवणं म्हणजे त्याला पाच पावसाळे आंदण.

भोकाच्या दोन बाहेर. बाकीच्या २३ एकात एक घातलेल्या दोन झिपलॉकमध्ये, हवा काढून. एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये उणे १८ किंवा खाली, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर, पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. फ्रीजरमधून थेट बाहेर काढली की रॅपर फाटतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर मधूनमधून गरम होतो, त्यात तीनऐवजी पाच दिवस. पेटी रिकामी करून झटकायची, तीही गोठवायची.

करडीराख
म्हणजे एवढा खटाटोप करून जे मिळणार ते दोन वर्षांत मिळालेलंच होतं.

जुनाजाणता
हलक्या सिगारच्या बाबतीत, हो. निकाराग्वाच्या आधीच मुरलेल्या पाल्याच्या बाबतीतही, घ्या, हो. पाड्रोन आणा आणि ओढा. पण लुसितानियासवर मी एक पाऊल मागे घेणार नाही. आणि मुंबईत बिनकूलरचं मुरवू नये हे मी कधी नाकारलं? कुणी विचारलंच नाही.

करडीराख
'पेटी आणल्या आणल्या ओढणारा पैसे जाळतो' हे वाक्य मग आता लुसितानियासपुरतं?

जुनाजाणता
आणि बोलिवारपुरतं. पानतपासणीस यांची बारा-बाराची परीक्षा मला मान्य आहे. सिगार लुसितानियास हवी, दुसरी कुठली आणून हरवायचं नाही. नंबर तुम्ही द्यायचे नाहीत.

पानतपासणीस
लुसितानियास ४९ रिंगची (जाडी ४९/६४ इंच) आणि साडेसात इंचांहून थोडी लांब, एक संपायला दोन तास. दोन्ही एका दिवशी ओढल्या तर दुसरीची चव लागणार नाही. लागोपाठच्या दोन संध्याकाळी, सारख्या जेवणानंतर, पहिल्या दिवशी कुठली ते चिठ्ठी टाकून.

टोरपेदो
आणि ज्या फ्रीजरमध्ये सुरमई आहे त्यात नाही.