२०२३ ची पाद्रेस टीम: एका रनाचं दुखणं

दोघातिघांनी लिहिलंय की पाद्रेस, म्हणजे अमेरिकन बेसबॉलमधली सॅन डिएगोची टीम, २०२३ मध्ये स्टार लोकांच्या इगोमुळे बुडाली. असेलही थोडंफार, पण मला ते कारण जरा सोयीचं वाटतं. टीम हरली की इगो, जिंकली की तेच ‘कॅरेक्टर’!! कोणी आकडेच काढले नाहीत म्हणून लिहितोय. अख्ख्या सीझनमध्ये त्यांनी दिलेल्या रन्सपेक्षा १०४ रन्स जास्त काढलेत, एवढ्यावर साधारण ९२ मॅच जिंकायला हव्या होत्या, जिंकल्या ८२. त्यामुळे प्लेऑफ (बाद फेरी) हुकली. आणि ॲरिझोनाच्या टीमने काढल्यापेक्षा १५ रन्स जास्त दिले, तरी ८४ जिंकून प्लेऑफमध्ये गेले आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत पोचले. दोन मॅचचा फरक हो फक्त.

खरी गळती एका रनाने सुटणाऱ्या मॅचमध्ये होती, ९ जिंकल्या २३ हरल्या, एक्स्ट्रा इनिंग्जमध्ये (नऊ इनिंगनंतर बरोबरी असली की खेळतात त्या) तर २ जिंकल्या १२ हरल्या, त्यातल्या पहिल्या बाराच्या बारा सलग हरले. आपल्याकडे त्यांच्या घरच्या मॅच सकाळी सातच्या आसपास सुरू व्हायच्या, मी डबा भरता भरता बघायचो. दहाव्या इनिंगला नियमानेच सेकंड बेसवर, म्हणजे रनच्या अर्ध्या वाटेवर, फुकटचा रनर मिळतो, आऊट एकही नाही, त्याला घरी आणायला एक बरा ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) आणि एक खोल फ्लाय (उंच लांब फटका) बस झाला, पण हे आपले होमरन (थेट मैदानाबाहेरचा फटका) मारायला जाऊन स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. बॅटर सोटोचे ३५ होमरन आणि पिचर स्नेलचा २.२५ ईआरए (दर नऊ इनिंगमागे साधारण किती रन्स दिले, जितके कमी तितकं चांगलं) तिथे काय कामाचा, स्नेल तर तोवर बदली होऊन कधीच डगआऊटमध्ये (मैदानाकडेच्या बाकावर) बसलेला असायचा.