मदत हवी आहे: मी लुथरन, बाळ कॅथलिक. मला गॉडमदर होता येईल का?

नमस्कार. प्रश्न घरचा आहे आणि हातात दिवस थोडे आहेत, म्हणून इथे विचारते.

मी लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट परंपरेतली, नवरा कॅथलिक. लग्नाला नऊ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला, "वहिनी, बाळाची गॉडमदर तूच व्हायचं." माझा गळाच दाटून आला, लगेच हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर मात्र विचार सुरू झाला. गॉडमदर म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाच्या श्रद्धेची हमी घेणारी धर्ममाता, आणि बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये आहे. तिथे उभं राहून मी नेमकं कशाकशाला "होय" म्हणणार आहे?

वरवरचे फरक मला माहीत आहेत. त्यांचे सात संस्कार, आमचे दोन. त्यांच्याकडे पोप, आमच्याकडे नाही. त्यांचे फादर अविवाहित, आमचे पाळक लग्न करू शकतात. खुद्द मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये काटारीना फॉन बोरा या माजी जोगिणीशी लग्न केलं. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, आमच्यात ६६. हे सगळं पाठ आहे, पण याने माझं अडलेलं नाही.

अडलंय ते असं. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात मी ल्यूथरचं लहान प्रश्नोत्तर, १५२९ चं, तोंडपाठ केलं होतं. प्रत्येक ओळीनंतर एकच प्रश्न येतो, "याचा अर्थ काय?" पवित्र आत्म्याबद्दलच्या उत्तराची सुरुवात अशी: मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने येशूवर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्यानेच मला बोलावलं. ते वाक्य माझ्या अंगात भिनलेलं आहे. लहानपणापासून ऐकत आले की कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळवू पाहतात. मग ज्या श्रद्धेत बाळ वाढणार, तिची हमी मी कशी देऊ? आणि विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आम्ही "पवित्र ख्रिस्ती मंडळी" म्हणत आलो, तिथे "कॅथलिक" म्हणावं लागेल. ते खोटं बोलणं होईल का?

शिवाय कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन. दर वेळी मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) सगळी रांग वेदीकडे निघते, मी बाकावर बसून गुडघे एका बाजूला वळवते, म्हणजे बाकीच्यांना जाता यावं. नवरा परत येऊन शेजारी बसतो आणि काही न बोलता हात धरतो. त्या दिवशीही असंच बसायचं का?

नणंदेला दुखवायचं नाही आणि माझ्या श्रद्धेशी खोटंही वागायचं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी कॅथलिक आहे, धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. आधी नियम सांगतो, कारण तो उशिरा कळला तर जास्त लागतो. आमच्या धर्मविधीच्या कायद्याप्रमाणे, कलम ८७४, गॉडपेरेंट हा दृढीकरण झालेला कॅथलिकच असावा लागतो. पण तुमच्यासारख्या बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती व्यक्तीला कॅथलिक गॉडपेरेंटच्या सोबतीने "साक्षीदार" म्हणून उभं राहता येतं. एक गॉडपेरेंट पुरतो, त्यामुळे नणंदेला एक कॅथलिक गॉडफादर शोधावा लागेल, एवढंच.

तुमची अर्धी काळजी इथेच मिटते. कॅथलिक श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी आईबाप आणि गॉडफादर घेतील. विधीतले प्रश्न त्यांनाच विचारतात. तुम्ही त्यांच्यासोबत उत्तरं म्हणायची की नाही, हे फादरांशी आधी बोलून घ्या.

आणि तुमचा बाप्तिस्मा आम्ही खराच मानतो. तुम्ही उद्या कॅथलिक झालात तरी तो पुन्हा द्यायचा नसतो.

प्रतिसाद २

मी लुथरन, ईशज्ञानाची विद्यार्थिनी. "कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळवतात" हे आपण लहानपणी ऐकतो, पण ते बरोबर नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४७ मध्ये ल्यूथरच्या शिकवणीवर कडक शब्दांत बंदी आणली हे खरं. पण त्याच ठरावात असंही आहे की नीतिमान ठरवलं जाण्याआधीचं कुठलंही कर्म, श्रद्धासुद्धा, त्या कृपेची कमाई करू शकत नाही. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सही केली: देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या पुण्याईने नव्हे, आणि सत्कर्मं त्यातूनच उगवतात. सगळ्याच लुथरन मंडळ्यांना ते पटलेलं नाही, हेही सांगायला हवं.

खरा फरक उरतो तो बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशीच. दोघंही म्हणतात, बाळाच्या पापाची क्षमा होते. पुढे कॅथलिक शिकवण अशी की मूळ पाप खरोखर धुतलं जातं. मागे राहते ती वाईटाकडची ओढ, पण ती ओढ म्हणजे पाप नव्हे. ल्यूथर म्हणतो, ती ओढही पापच, फक्त देव ते मोजत नाही. म्हणून आपण मरेपर्यंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी. तुमच्या मनातला कल्लोळ याच वाक्यापाशी आहे असं मला वाटतं, आणि तो मोलाचा आहे. त्यावरून त्या बाळाचा बाप्तिस्मा मात्र कमी ठरत नाही.

"कॅथलिक" या शब्दाला घाबरू नका. मूळ ग्रीक अर्थ सार्वत्रिक. जर्मनमध्ये "ख्रिस्ती मंडळी" म्हणायची पद्धत ल्यूथरच्या आधीपासून होती, त्याने ती मुद्दाम काढलेली नाही. कितीतरी लुथरन मंडळ्या आज "कॅथलिक" म्हणतात.

येशूची आई मरिया हिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी काढेलच. ल्यूथर तिला देवमाता म्हणायचा, तिच्या स्तोत्रावर त्याने १५२१ मध्ये भाष्य लिहिलं. आपण फक्त तिच्याकडे मध्यस्थी मागत नाही.

प्रतिसाद ३

कम्युनियनबद्दल. आमच्या घरातही हेच आहे, म्हणून लिहिते. कॅथलिक नियमात तुमच्यासाठी वाट अगदी अरुंद आहे: मृत्यूचा धोका किंवा तशीच गंभीर गरज. खुद्द पोप फ्रान्सिस यांना २०१५ मध्ये रोमच्या लुथरन चर्चमध्ये एका कॅथलिक माणसाच्या लुथरन बायकोने हेच विचारलं. प्रभूशी बोला आणि पुढे चला, याहून जास्त सांगायचं धाडस मी करत नाही, असं ते म्हणाले. नियम बदलला नाही.

त्रास जास्त होतो तो आपण या बाबतीत इतके जवळ असल्यामुळे. जर्मनीतल्या मारबुर्गच्या चर्चेत १५२९ मध्ये ल्यूथरने मेजावर खडूने "हे माझे शरीर आहे" असं लिहिलं आणि पाव फक्त प्रतीक मानणाऱ्या स्विस सुधारक झ्विंग्लीपुढे तसूभर हटला नाही. ख्रिस्ताचं शरीर खरोखर तिथे आहे, असं कॅथलिक आणि लुथरन दोघंही मानतात. कॅथलिक म्हणतात, पाव हा पाव उरतच नाही. आपण म्हणतो, पावही आहे आणि शरीरही.

नणंदेला सुचवून बघा, बाप्तिस्मा मिस्सेविना होतो. मग त्या दिवशी तरी तो प्रश्न येणार नाही.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. काल नणंदेला सगळं सांगितलं. "साक्षीदार" ऐकून ती आधी गप्प झाली, मग रडली, मग म्हणाली, "नाव काहीही देऊ देत, बाळ तुझ्याच हातात असेल." गॉडफादर म्हणून दिराला विचारतोय. बुधवारी फादरांना भेटायचं आहे.

एक शेवटचं. चर्चच्या नोंदवहीत माझं नाव लिहितात ना?

प्रतिसाद १

लिहितात, ताई. साक्षीदार म्हणून.