उपग्रहचित्रांवरून साठ्यातले रणगाडे मोजताना आकडे का जुळत नाहीत?

गोदाकाठची

नमस्कार. मी नाशिकरोडला अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. सुदूर संवेदनाचा धडा नुसता फळ्यावर शिकवला तर पोरांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एक प्रयोग करायला घेतला. रशियाच्या पार पूर्वेला, अर्सेन्येव्ह गावाजवळ, जुन्या रणगाड्यांचा मोठा तळ आहे. मार्च 2023 मध्ये तिथून टी-54 आणि टी-55 रणगाडे आगगाडीवर चढवून पश्चिमेकडे नेल्याची बातमी आली होती, तेव्हापासून ते डोक्यात होतं. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं काढली, एक युक्रेन युद्धाआधीचं, एक नंतरचं, आणि धाकट्या बहिणीला शेजारी घेऊन मोजायला बसले.

एकाच रांगेत मला 41 गाड्या दिसल्या, तिला 36. पुन्हा मोजलं तर माझ्याच 39 झाल्या. कडेला झाडं आहेत, त्यांच्या सावलीत काय उभं आहे कळत नाही. दोन काळे डाग चिकटलेले असले की तो एक रणगाडा धरायचा की दोन? आणि नेटवर बघावं तर लोक छातीठोकपणे लिहितात, रशियाचा साठा अमुक महिन्यात संपणार. आम्हा दोघींचं एका रांगेवर एकमत होईना, मग हे लोक हजारोंचा हिशेब कसा लावतात? त्यावर भरवसा किती ठेवायचा? वर्गात उभं राहायच्या आधी मला हे नीट समजून घ्यायचंय.

पिंपळगावकर

ताई, तुमची मोजणी चुकलेली नाही. दोघींचे आकडे वेगळे आले हीच या कामातली पहिली खरी नोंद, ती खोडू नका. मी निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षबागा आणि कांद्याचं क्षेत्र उपग्रहचित्रांवरून मोजायचं काम करतो. 2022 पासून रात्री जेवण झालं की हे रशियाचे तळही बघतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

आधी चित्राची ताकद. सेंटिनल-2 या युरोपच्या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. टी-72 चा सांगाडा साधारण 7 मीटर लांब आणि 3.6 मीटर रुंद. म्हणजे अख्खा रणगाडा एका ठिपक्यात बुडतो. तिथे गाड्या मोजता येत नाहीत, फक्त काल काळपट असलेला पट्टा आज मातीच्या रंगाचा झाला एवढं कळतं. तेही कमी नाही, कारण तो उपग्रह दर काही दिवसांनी त्याच जागेवरून जातो, आणि रांग कधी हलली त्याची तारीख त्यातून जवळपास सापडते. 30 सेंटिमीटरच्या विकतच्या चित्रात तोच रणगाडा 12 बाय 23 ठिपक्यांचा होतो. मग गोल टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता घुमट दिसतो, तोफेची नळी कुठे वळली आहे ते दिसतं, टरेट काढून नेलेला सांगाडा ओळखू येतो. जे लोक मनापासून मोजतात ते वर्गणी काढून अशी चित्रं विकत घेतात आणि एकच तळ दोघं-तिघं वेगवेगळे मोजतात. तुम्ही आणि बहिणीने तेच केलंत.

पण मोजणी हा सोपा भाग आहे. अवघड भाग आमच्या कांद्याच्या चाळीत आहे.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा चाळीत भरतात. ऑगस्टमध्ये बांधावर उभं राहून बघा, चाळ तशीच्या तशी भरलेली, बांबूच्या फटींतून कांदे दिसतायत. कोणीही म्हणेल, माल आहे. एका वर्षी मी सहज फटीतून हात घातला आणि बोटं थेट ओल्या लगद्यात गेली. वरचा थर कोरडा खणखणीत, मधे पाणी सुटलेलं, खाली काजळी धरलेली. निवडायला बसलो तेव्हा ढिगातला किती माल बाजारात न्यायचा आणि किती उकिरड्यावर टाकायचा ते कळलं. वरून फोटो काढला असता तर चाळ भरलेलीच दिसली असती.

अर्सेन्येव्हची रांगही तशीच आहे. तिशी-चाळिशी उलटलेला रणगाडा उघड्यावर उभा आहे, त्याचं इंजिन आत आहे की नाही हे छतावरून कळत नाही. आणि आपण जसा चांगला कांदा आधी विकतो तसं तिथेही होतं. जो थोड्या दुरुस्तीत चालू होईल तो आधी जातो. त्यामुळे तळावर निम्मे रणगाडे उरले म्हणजे निम्मी ताकद उरली असं धरू नका. उरलेल्यांत खराब मालाचं प्रमाण जास्त असतं. "अमुक महिन्यात साठा संपेल" म्हणणारे सरळ भागाकार करतात आणि तिथेच घसरतात.

हे एवढे रणगाडे उरल पर्वताच्या पलीकडे का, हेही पोरांना जरूर सांगा. नोव्हेंबर 1990 मध्ये पॅरिसला युरोपातल्या पारंपरिक शस्त्रांवर मर्यादा घालणारा करार झाला. अटलांटिकपासून उरलपर्यंत नाटो आणि वॉर्सा करार या दोन गटांना प्रत्येकी 20,000 रणगाड्यांची मर्यादा. सही व्हायच्या आधीच सोव्हिएत लष्कराने हजारो गाड्या उरलच्या पूर्वेला नेऊन उभ्या केल्या, म्हणजे त्या मोजणीतच येणार नाहीत. आज आपण सायबेरियात मोजतोय त्यातल्या पुष्कळ रांगांचं मूळ त्यात आहे. भूगोलाच्या बाईंना यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे मिळणार!

देवळालीचा तोफची

मी तोफखान्यात होतो, निवृत्तीनंतर भगूरला राहतो. पिंपळगावकरांचं म्हणणं बरोबर आहे, त्यात आमच्या बाजूची भर घालतो.

उभं ठेवलेलं हत्यार तीन ठिकाणी मरतं: रबर, बॅटरी आणि काच. तोफ डागल्यावर नळी मागे येते, तो धक्का झेलणाऱ्या यंत्रणेत तेल आणि वायू दाबाखाली असतो. तिथलं रबर वाळलं की तेल पाझरायला लागतं. तोफ लांबून नवीकोरी दिसते, पण डागता येत नाही. हे ओळखायची आमची पद्धत म्हणजे खाली वाकून बोट फिरवायचं आणि बोटाला तेल लागतंय का बघायचं. आकाशातून ते होत नाही. शिवाय एका गाडीचा सुटा भाग काढून दुसरीला लावणं जगातल्या प्रत्येक फौजेत चालतं. दहा उभ्या गाड्यांतून चार चालू होतात आणि सहा सांगाडे जागेवरच राहतात. मोजणाऱ्याला चारच गेलेल्या दिसतात, खर्च मात्र दहा झालेल्या असतात. म्हणून ताई, रशियाच्या ओढायच्या तोफांच्या तळावर नळी नसलेले गाडे दिसले तर ते वेगळे मोजा. नळ्या झिजतात आणि बदलाव्या लागतात, तिथे गाड्यापेक्षा नळी मोलाची.

आणखी एक, हात जोडून सांगतो. पोरांना हा खेळ लागला की ती देवळाली आणि ओझर उघडणार. वर्गात पहिल्या दिवशीच सांगा, आपल्या फौजेच्या जागेवर खुणा करून ते कुठेही टाकायचं नाही. 1923 चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथे आपलीच माणसं राहतात.

गोदाकाठची

काका, पोरांना पहिल्याच तासाला सांगते. माझ्या वर्गात देवळाली कॅम्पातली चार मुलं आहेत, त्यांचे वडील फौजेतच आहेत.

चाळीचं वाचून मी तेच चित्र पुन्हा उघडलं. ज्या रांगेवर आम्ही भांडलो तिथे काही गाड्यांवर गोल टरेट नाही, नुसता चौकोनी काळा खड्डा दिसतोय. बहिणीने त्या धरल्याच नव्हत्या, मी धरल्या होत्या. म्हणजे आमचा फरक निम्मा इथेच सुटला! आता एक प्रश्न उरला: तळावर लांबलचक पत्र्याच्या शेड आहेत, त्यांच्यात किती असतील?

पिंपळगावकर

शेडचा आकडा लिहू नका, "माहीत नाही" असा रकाना ठेवा. शेडचं क्षेत्रफळ काढून जास्तीत जास्त किती मावतील एवढी वरची मर्यादा सांगता येते, त्यापुढे नाही. पण शेडच्या दारासमोरची जमीन बघा. साखळीचा रणगाडा वळला की माती फाटते आणि तो माग बरेच दिवस दिसतो. दारापुढे गवत वाढलेलं असेल तर आतलं बऱ्याच दिवसांत हललेलं नाही.

टरेट नसलेल्यांचाही वेगळा रकाना करा. पोरांकडून तीन रकाने भरून घ्या: पूर्ण, सांगाडा, सांगता येत नाही. दोन-दोन पोरांनी एकमेकांचं न बघता मोजायचं, आणि दोन्ही आकडे तसेच लिहायचे, सरासरी काढायची नाही.

जानेवारीचं चित्र घेऊ नका, बर्फाखाली रणगाडा आणि मातीचा ढीग सारखेच दिसतात. ऑगस्टमध्ये झाडांची पानं कडेच्या गाड्या झाकतात. एप्रिलचं नाहीतर ऑक्टोबरअखेरचं शोधा, आणि दोन्ही वर्षांची चित्रं त्याच महिन्यातली घ्या, म्हणजे सावल्या सारख्या पडतील.