दांडीच्या ब्रेकची जुनी सायकल: पुढचा ब्रेक दाबताच चिमटा थरथरतो

प्रश्न
वडिलांची 28 इंची चाकांची, दांडीच्या ब्रेकची लोखंडी सायकल पुन्हा वापरात आणली आहे. मागचा ब्रेक ठीक लागतो. पुढचा मात्र दाबताच चिमटा (पुढचे चाक धरणारा दुफाटा) थरथरतो, हँडलला हादरे बसतात आणि पावसात तर ब्रेक लागतो की नाही, असा प्रश्न पडतो. नवे रबर घातले, दांडी वर ओढून घट्ट केली, तरीही फरक नाही. साधे कॅलिपर ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) बसवून घ्यावेत का?

उत्तर 1
कॅलिपरचा विचार तूर्त सोडून द्यावा. या सायकलींच्या रिमच्या कडा गोलसर असतात, त्यामुळे बाजूने दाबणाऱ्या रबराला टेकायला सपाट जागाच मिळत नाही. दांडीच्या ब्रेकचे रबर हबकडून (चाकाच्या मध्याकडून) वर ओढले जाऊन रिमच्या आतल्या अंगावर दाबले जाते.

थरथरीसाठी आधी कटोरी, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो ती छर्ऱ्यांची वाटी, तपासा. पुढचा ब्रेक दाबून ठेवून सायकल मागेपुढे हलवा आणि दुसऱ्या हाताचे बोट खालच्या कटोरीच्या सांध्यावर ठेवा. तिथे खटखट जाणवली तर कटोरी सैल आहे किंवा छर्रे झिजले आहेत. हँडल सहज फिरेल, पण खेळ उरणार नाही, इतपतच ती आवळावी. रबराचा यू आकाराचा पट्टा चिमट्यावरील ज्या क्लिपांतून वरखाली सरकतो, त्याही पाहा. त्या सैल असतील, तर फिरते चाक रबराला आपल्याबरोबर ओढत नेते आणि सोडते.

उत्तर 2
वरील उत्तराला एक पुस्ती. दर फेऱ्याला एकाच जागी झटका बसत असेल, तर चाकाचा आउट (वाकडेपणा) काढावा, आणि तोही उभा, म्हणजे वरखाली होणारा. दुकानात बहुधा आडवा (डावी-उजवीकडचा) आउट काढून चाक परत देतात. कॅलिपरला ते पुरते, या ब्रेकला नाही, कारण इथे रिमची उंची बदलली की रबराचा दाबही बदलतो.

पावसाचे दुखणे मात्र पूर्ण जाणार नाही. क्रोमच्या गुळगुळीत रिमवर पाणी असले की रबराची पकड फार कमी होते. रिमला तेलाचा अंश असेल, तर तो साबणाच्या पाण्याने काढा. ओल्या रस्त्यावर वळणाच्या बरेच आधी दोन्ही ब्रेक हलके लावून रिम पुसून घ्यावी, मग जोर द्यावा.

प्रश्नकर्ता
कटोरी घट्टच निघाली. डावी क्लिप मात्र बोटाने फिरत होती. ती आवळल्यावर थरथर बरीच कमी झाली. उरलेला झटका दर फेऱ्याला, व्हॉल्व्हजवळच बसतो, तेव्हा आता उभा आउट काढून घेतो.