मदत हवी आहे: पाणलोटासाठी ४० लाख येतायत, लावायचे कुठे आणि मोजायचे कसे?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. गाव खटाव तालुक्यातलं, येरळेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठचं. नाव मुद्दाम देत नाही, निवडणूक तोंडावर आहे. मी ग्रामपंचायतीच्या पाणलोट समितीवर आहे. एका कंपनीच्या सीएसआरमधून (कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर खर्चायचा निधी) ४० लाखांच्या आसपास रक्कम मिळायचं जवळपास नक्की झालंय. शिवार सुमारे ११०० हेक्टर, लोकसंख्या ३२०० च्या घरात.

पैसे यायच्या आधीच भांडण सुरू झालंय. पाच वाड्या आहेत. सरपंचांचं म्हणणं, प्रत्येक वाडीला आठ-आठ लाख द्या म्हणजे कुणी बोंब मारणार नाही. एकेक सिमेंट बंधारा, नाहीतर तेवढ्या रकमेचं ओढा खोलीकरण. पोकलेनवाले आत्तापासून चहाला येऊन बसतात. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेत आमच्याकडे कामं झाली होती. त्यातले दोन बंधारे गाळाने काठोकाठ भरलेत, फलक मात्र अजून ठणठणीत आहे. पुन्हा तेच नको आहे.

दुसरी काळजी घाणीची. गावठाणाचं गटार आणि गोठ्यांचं पाणी थेट ओढ्यात जातं, आणि नळपाणी योजनेची विहीर त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे. बंधारा घातला तर आपण घाणच अडवून विहिरीत मुरवणार ना?

कंपनीच्या माणसाला 'इतके मीटर खोलीकरण, इतक्या लिटरची साठवण क्षमता' असा आकडा आणि फोटो हवेत, तेही ३१ मार्चच्या आत. विहिरींच्या पातळ्या आणि पाण्याच्या तपासण्या तीन वर्षं मोजायला थोडे पैसे बाजूला ठेवा म्हटलं, तर म्हणाला, तो प्रशासकीय खर्च, त्याला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. हे खरं का? आणि वाटणीच्या बाबतीत ग्रामसभेत काय मांडू?

आकडेमोड

आधी एक भागाकार करा. ४० लाख भागिले ११०० हेक्टर म्हणजे हेक्टरी साडेतीन हजारांच्या थोडं वर. केंद्राच्या पाणलोट योजनेचा (पीएमकेएसवाय, दुसरा टप्पा) खर्चाचा मापदंड सपाट भागासाठी हेक्टरी २२,००० पर्यंत आणि डोंगराळ, अवघड भागासाठी २८,००० पर्यंत आहे. म्हणजे तुमच्या रकमेत धड १८० हेक्टरच होतील. पाच वाड्यांत वाटलेत तर कुठलाच ओढा पूर्ण होणार नाही. ग्रामसभेत हे फळ्यावर लिहून दाखवा. 'तुमच्या वाडीला का नाही' यापेक्षा '१८० हेक्टर कुठले' हा प्रश्न लोकांना पटतो.

निवडीचे निकष पैसे येण्याआधी ठरवून ठरावात घ्या: उन्हाळ्यात टँकर कुठे लागतो, उतार कुठे जास्त, माती कुठून वाहून येते, आणि माथ्याकडच्या जमीनमालकांची लेखी संमती आहे का. नंतर लावलेले निकष म्हणजे आधीच ठरलेल्या जागेला चढवलेला मुलामा.

कोरेगावचा

वरच्यांचं खरंय, पण एक राहिलं. माथ्यावरनं सुरू करा. आमच्या तालुक्यातलं वेळू २०१६ च्या वॉटर कपात, म्हंजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांच्या पाणलोट स्पर्धेत, पहिलं आलं. आधी डोंगर, मग ओढा. डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), नाल्याच्या वरच्या अंगाला अनघड दगडी बांध, रानात बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी सिमेंट बंधारा. तुमचे दोन बंधारे गाळानं का भरले, त्याचं उत्तर यातच हाय. वरची माती मोकळी सोडलीवती.

चर नि दगडी बांध यातलं बरंच श्रमदानानं, रोहयोतनं होतं. कंपनीचा पैसा तिथं वापरा जिथं यंत्राशिवाय भागत न्हाई. आणि खोलीकरण करायचंच तर मुरमापर्यंत. खाली काळा पाषाण लागला की थांबा, फोडत बसू नका. पाणी मुरतं ते मुरमातनं नि फटीतनं, पाषाण फोडून नुसता हौद तयार होतो, आन् आजूबाजूच्या उथळ विहिरीचं पाणी त्यात उतरतं ते वेगळंच.

नियमवाचक

५ टक्क्यांबद्दल. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाची व्याख्या आहे. कंपनीतल्या सीएसआर कामाचा सर्वसाधारण कारभार चालवायचा खर्च तो. एखाद्या ठरावीक प्रकल्पाचं नियोजन, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यातून स्पष्टपणे वगळलाय. विहिरी मोजणं हा तुमच्या प्रकल्पाचाच खर्च. त्या सद्‌गृहस्थांना नियम २ मधली व्याख्या वाचायला सांगा, नम्रपणे.

मार्चचंही तसंच. संचालक मंडळाने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची असते, ती बुडत नाही. मार्चमध्ये घाईने काँक्रीट ओतायला लावणारा कायदा नाहीये, ती कंपनीची सोय आहे.

करारात मात्र ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पहिला पावसाळा गेल्यावरच द्यायचा, हे आत्ताच लिहून घ्या. पुराचं पाणी वरून जाईपर्यंत बंधाऱ्याचं खरं रूप कळत नाही.

विहीरमापे

मोजणीवर थोडं सविस्तर, कारण इथेच लोक फसतात. पाऊस चांगला झाला की विहिरी भरतात आणि सगळे श्रेय घेतात. म्हणून कामाच्या ओढ्यावर आठ-दहा विहिरी घ्या आणि शेजारच्या, काम न झालेल्या ओढ्यावरच्या चार-पाच. दगड सारखा, पाऊस सारखा, पिकं साधारण सारखी असली पाहिजेत. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं काम. सगळ्या विहिरींवर काठाला रंगाची खूण करा आणि टेप तिथूनच सोडा. बऱ्याच नोंदी वाया जातात त्या माणसागणिक मापाची जागा बदलल्यामुळे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तेच महिने धरा म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडता येईल. उपसा चालू असताना मोजू नका. पावसासाठी महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा आकडा मिळतो, पण शाळेच्या आवारात एक साधं पर्जन्यमापक लावाच.

पहिली मोजणी काम सुरू होण्याआधी. कामानंतरच्या आकड्याला आधीचा नसेल तर तो शून्य किमतीचा. कॅगने (सरकारी खर्च तपासणारे महालेखापरीक्षक) २०२० मध्ये जलयुक्त शिवारवर अहवाल दिला, त्यात ९,६०० कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल वाढवण्यात आणि गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात फारसा परिणाम दिसला नाही असं म्हटलंय. देखभालीवरही ताशेरे आहेत. तेव्हा गाळ काढण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका.

सांडपाण्यावर कंपनीचा पैसा घालू नका. माणशी ५५ लिटर नळपाणी धरलं तर ३२०० लोकांचं दिवसाला पावणेदोन लाख लिटर होतं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के गटारात येतं. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद आहे, म्हणजे तुम्हाला नऊ लाखांच्या आसपास. त्यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असतो. घरोघरी शोषखड्डे, आणि शेवटच्या गटारावर स्थिरीकरण तळं (सांडपाणी साठवून निवळू देणारं). पण शोषखड्डा पिण्याच्या विहिरीच्या जवळ किंवा उताराच्या वरच्या अंगाला नको. गोठ्यांचं पाणी आधी वळवा, सगळ्यात जास्त घाण तिथली असते.

पाण्याच्या तपासणीसाठी जलजीवन मिशनमध्ये (घरोघरी नळपाण्याची योजना) गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं असतं. संच धूळ खात पडला असेल तर बाहेर काढा. नायट्रेट बघा, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आलं-बटाट्याच्या पट्ट्यात खताचं पाणीही त्यात येतं, सगळं खापर गटारावर नको.

शिवारफेरी

सगळ्यांचे आभार, छापून ग्रामसभेत वाटणार आहे. (कोरेगावच्यांचा काळ्या पाषाणाचा मुद्दा पोकलेनवाल्यांना सांगितला, ते चहा न घेता गेले.)

एक राहिलंच. वरच्या अंगाच्या एका कारखान्यातून कधीकधी रात्री काळं, वासाचं पाणी ओढ्यात येतं. आम्ही बाटली भरून ठेवली आहे. ती तपासून तक्रार करावी का? की ४० लाखांतूनच गाळणी वगैरे काही बसवावं?

नियमवाचक

गाळणी अजिबात नको. दुसऱ्याच्या घाणीचा खर्च गावाने का उचलायचा? बाटलीचा पुरावा म्हणून उपयोग नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, कारखानदाराला सूचना देऊन ठरावीक पद्धतीने घेतलेला नमुनाच न्यायालयात चालतो, आणि तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानेच घ्यावा लागतो. शिवाय बीओडीचा (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत जावा लागतो, तुमची बाटली केव्हाच बिघडली असेल.

तुम्ही वेळांची नोंद ठेवा. तारीख, तास, वेळेसह फोटो, पीएचची (आम्लता दाखवणारी) पट्टी. दोन-तीन महिन्यांत ठरावीक क्रम दिसला की मंडळाच्या साताऱ्याच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्या आणि नमुना रात्रीच घ्यायला या, असं त्यात लिहा. दिवसा आले तर नितळ पाणी मिळेल.

आकडेमोड

आणखी एक. जलयुक्तच्या त्या दोन बंधाऱ्यांची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली सरकारी वही) बघून घ्या. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत माहिती अधिकाराचा अर्ज न करताही अभिलेख पाहता येतात, २०१८ चं परिपत्रक आहे. कागदावरची साठवण आणि आजचा गाळ, दोन्ही आकडे शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचा. आठ-आठ लाखांची मागणी किती टिकते ते इथे येऊन कळवा.

शिवारफेरी

येत्या सोमवारी वडूजला, तालुक्याच्या ठिकाणी, जातोय. विहिरींच्या नोंदवहीचा नमुना कुणाकडे तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी रकाने आखायला बसलो की चुकतो.