मिग-29केचा घडीचा पंख: सरळ केला की टोक लोंबतं, सर्वो तापतो

नांदेडचा_मेकॅनिकल

प्रदर्शनासाठी विक्रांतच्या डेकचा तुकडा आणि त्यावर 1:10 मापाचं मिग-29के बनवायलोत. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 11.99 मीटर, घडी घातल्यावर 7.8. आमच्याकडं 120 आणि 78 सेंमी, म्हणजे दर बाजूला 21 सेंमीचा तुकडा वर उभा करायचा. वजन 150 ग्रॅम. सांध्यापाशी पंखाची जाडी 11 मिमी, बिजागरी जाडीच्या मधोमध, एमजी90एस सर्वो (ठरलेल्या कोनात फिरून तिथंच धरून ठेवणारी छोटी मोटर) थेट बिजागरीच्या दांडीवर.

घडी झकास होते. सरळ केला की टोक 2 सेंमी खाली लोंबतं आणि सर्वो घूं घूं करत राहतो, दहा मिनिटांत हात लावू देईना. मोठा सर्वो टाकावा का? आणि शेजारी एक हेलिकॉप्टर ठेवायचंय, कामोव्ह-31 किंवा एमएच-60आर. कोणतं सोपं पडंल?

वाळूज_टूलरूम

मोठा सर्वो टाकला तर मोठा सर्वो जळंल, एवढाच फरक. दुखणं दुसरीकडं आहे.

आधी हिशोब. तुकड्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून साधारण 9 सेंमीवर धरू. 150 ग्रॅम गुणिले 9, म्हणजे 1.35 किलो-सेंमी. एमजी90एस दोनच्या आसपास देतो, त्यामुळं उचलतो. पण सरळ पंख तासन्‌तास तोलून धरायचं काम त्याचं नाही. खऱ्या विमानातही नसतं. घडी घालणारा सिलिंडर फक्त हलवण्यापुरता. पंख उलगडला की लॉकपिना सरकून बसतात आणि उड्डाणातला भार बिजागरी आणि पिना मिळून घेतात. ट्रॉलीचा फाळका बघा: वर-खाली माणूस करतो, उसाचा रेटा खिट्ट्या झेलतात.

आता बिजागरी. वर मुडपणाऱ्या पंखाची बिजागरी वरच्या पत्र्याला लागून हवी. तशी बसवली की पंख स्वतःच्या वजनानं खाली जायला लागतो तेव्हा सांध्याच्या खालच्या कडा एकमेकींवर टेकतात आणि तिथंच थांबतो. सर्वोची गरजच नाही. तुमची मधोमध आहे, म्हणून टेकायला तरफ फक्त साडेपाच मिमी. 21 सेंमीला 2 सेंमी लोंबणं म्हणजे त्या साडेपाच मिमीवर जेमतेम अर्धा मिमीची फट. बिजागरी वर नेली की तरफ दुप्पट, तेवढ्याच फटीत लोंबणं निम्मं. उरलेल्या अर्ध्या मिमीला पितळी शिम (फट भरायची पातळ पट्टी) चिकटवा आणि कानशीनं जुळवत आणा.

गंमत अशी की मॉडेल टेबलावर पिनांशिवायही सरळ राहील, आणि तिथंच पोरं फसतात. हवेत सगळं उलटं: उत्थापन, म्हणजे हवेची उचल, पंखाला वर रेटतं, म्हणजे घडीच्याच दिशेनं. खालचा पत्रा ताणात जातो आणि तो ताण फक्त लॉकपिना धरतात. म्हणून पिना सांध्याच्या खालच्या अंगाला. मॉडेलमध्ये दर पंखाला 3 मिमी स्टीलच्या दोन पिना, पितळी बुशात (भोकात बसवायच्या नळीत), दोन्ही बाजूंनी कान ठेवून. भोकं पंख सरळ दाबून धरून एकत्रच रीमरनं (भोक नेमक्या मापाचं करायच्या हत्यारानं) काढा. वेगवेगळी पाडली तर पिना कधीच बसायच्या नाहीत. पिनांच्या टोकाला थोडा उतार द्या.

फिटर_जालना

वरचं बरोबर. हलवायला एन20 गिअर मोटर घ्या, एम4 आट्याच्या दांडीची. तिची जाडी 10 बाय 12 मिमी, 11 मिमीच्या पंखात आडवी करून कशीबशी मावते. आट्याची चाल 0.7 मिमी. बिजागरीपासून 8 मिमीच्या हातावर 90 अंशाला सुमारे 11 मिमी सरक लागते, म्हणजे 16 फेरे; 100 आरपीएमला दहा सेकंद. वीज काढली तरी आटा मागं फिरत नाही.

लॉकचा दिवा लावणारा मायक्रोस्विच (दाबला की चालू होणारं छोटं बटण) पंखाच्या जागेवर लावू नका, पिनेच्या शेवटच्या टप्प्यावर लावा. "पंख सरळ" आणि "पंख लॉक" या दोन वेगळ्या गोष्टी. अमेरिकी हॉर्नेटवर यासाठीच पंखाच्या वरच्या पत्र्यावर लाल नळकांडं असतं. लॉक उघडं असलं की ते वर उभं राहतं, डेकवरच्या माणसाला लांबून दिसतं. 1960 साली नेपल्सजवळून एक एफ-8 क्रुसेडर पंखांची टोकं मुडपलेली असतानाच उडालं. आतला पंख मोठा असल्यानं ते उतरलंही सुखरूप, पण असल्या नशिबावर डिझाइन करत नसतात.

आणि क्रम पक्का ठेवा: आधी एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) मध्यावर, मग पिना बाहेर, मग मोटर. उलगडताना मोटर, मग पिना, मग दिवा. पिना आत असताना मोटर चालली तर एन20चे दात आधी जातील.

परभणी_रोटर

हेलिकॉप्टरला कामोव्ह-31 घ्या. एकावर एक दोन रोटर, प्रत्येकी तीन पाती, शेपटीचा पंखाच नाही, त्यामुळं शेपूट मुडपायची भानगड संपली. सहाही पाती मागं वळवली की झालं. पोटाखालचा रडारचा लांब अँटेनाही घडी होऊन पोटाला चिकटतो, तो दाखवला तर बघणारे थांबतील.

एमएच-60आरला चार पाती, व्यास 16.36 मीटर, म्हणजे तुमच्या मापात 164 सेंमी. टेबल पुरंल का बघा. त्यात काम जास्त. रोटर थांबवा, ब्रेक लावा, रोटरचं डोकं (पाती जोडलेला मधला भाग) नेमक्या कोनात आणा, पात्यांचा पीच (पात्याचा तिरकेपणा) लॉक करा, मगच मुळाशी असलेली पिन काढून पातं मागं. त्यानंतर शेपटीचा खांब वळवायचा. डोकं दोन-चार अंशानं हुकलं तर खऱ्या यंत्रणेतही घडी सुरू होत नाही. पीच लॉक विसरलात तर पातं वळता वळता स्वतःभोवती गरकन फिरतं आणि शेपटीला घासतं.

हातानं घडी घालताना पात्याला टोकाकडून खोबणीचा बांबू लावून माणसं चालत मागं नेतात. वारा असला की पातं माणसाला ओढतं. घडी झाल्यावर पाती आधाराला बांधतात, नाहीतर जहाज हललं की मुळाशी हादरे.

नांदेडचा_मेकॅनिकल

बिजागरी वर नेली. शिमशिवाय टोक 9 मिमी लोंबतं, हिशोब जुळला. एलेरॉनच्या तारा मात्र सांध्यात दोनदा तुटल्या.

फिटर_जालना

सांध्यावरून सरळ आडव्या नेल्या असणार. सिलिकॉनच्या तारा घ्या, बिजागरीच्या दांडीला समांतर चारेक सेंमी पळवा आणि मग पलीकडं न्या. तशा नेल्या की त्या मुडपत नाहीत, नुसती पीळ घेतात. दोन्ही टोकं बांधा, मधला भाग मोकळा.